फ्रेंच भिंतीवरचं घड्याळ गळ्यात पडलंय, चालू करू की तसंच लटकवू?

रोनकाठची_रेवा

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, सांभाळून घ्या.

आम्ही लिओंला राहतो, क्रुआ-रूस टेकडीवर. हा जुन्या रेशीम विणकरांचा भाग, जकार्डचे माग आत मावावेत म्हणून इथल्या घरांची छतं चार-चार मीटर उंच. खालच्या मजल्यावर एक मादाम राहायच्या, वय ८८. मी त्यांना अधूनमधून बाजार आणून द्यायचे, त्यांना माझ्या हातचा शिरा भयंकर आवडायचा, "तुझा तो पिवळा केक" म्हणायच्या. गेल्या महिन्यात त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि जाताना भिंतीवरचं घड्याळ माझ्या गळ्यात घालून गेल्या, मुलाला नकोय म्हणे.

आता वर्णन. घड्याळ आणि त्याच्या खालचा जोडीचा ब्रॅकेट मिळून साधारण ८५ सेंटिमीटर. कमरेत बारीक, खाली परत फुगलेलं, व्हायोलिनसारखं. लाकूड जांभळट तपकिरी, त्यात काळपट रेघा, आणि पातळ पापुद्रे असे तिरके जोडलेत की मधोमध रेघा जुळून बाणासारखी नक्षी होते. सगळ्या कडांना सोनेरी धातूची पानं, वेलबुट्टी, डोक्यावर पंखवालं गुटगुटीत बाळ. तबकडीवर बारा पांढऱ्या मिन्याच्या चकत्या, त्यावर निळे रोमन आकडे, चारचा आकडा चार उभ्या रेघांनी काढलाय.

घड्याळ बंद आहे, म्हणजे लंबकच नाहीये, मागे नुसता हूक लोंबतोय. चावी आहे पण तिला दोन तोंडं, एक मोठं आणि एक इतकं बारीक की ते कशाचं तेच कळत नाही. मागचं दार उघडलं तर यंत्राच्या पत्र्यावर गोल शिक्का, "जापी फ्रेर", त्यात १८५५ आणि पदकाचं काहीतरी, आणि खाली कोपऱ्यात ५ ४ असे दोन आकडे सुटे ठोकलेत. म्हणजे हे १८५५ चं ना? धातू काळवंडलाय, नवरा म्हणतो विकून टाक, सासूबाई व्हिडिओ कॉलवर म्हणाल्या बंद घड्याळ घरात ठेवू नये आणि ठेवायचंच तर आधी चिंच लावून लख्ख कर. काय करू?

मिष्किल_मोरू

पहिला प्रतिसाद माझा!

५ ४ म्हणजे चौपन्न रुपये असेल, किंमत पुसायची राहिली.

कोकणी_कोळंबी

फोटो टाक गं. फोटोशिवाय धागा म्हणजे सोलकढीशिवाय जेवण.

आमच्या आजोळी ओटीवर अन्सोनिया या अमेरिकन कंपनीचं टोल्यांचं घड्याळ होतं. अर्ध्या तासाला एक टोला, तासाला तितके टोले. रात्री जाग आली आणि एकच टोला पडला की संपलं, कारण साडेबारालाही एकच, एकलाही एकच आणि दीडलाही एकच. अंथरुणात पडून पुढच्या टोल्याची वाट बघायची आणि तोही एकच पडायचा. मामा म्हणायचा, या घड्याळाने मला जेवढं जागवलं तेवढं परीक्षेने नाही जागवलं.

लंबकराव

रेवा, आधी एक काम कर. चिंच स्वयंपाकघरात परत ठेव.

त्या सोनेरी धातूवर काहीही घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, राख नाही, पितळेचं पॉलिश नाही. कारण लिहितो सविस्तर, पण चहा झाल्यावर.

लंबकराव

हां. तर. आपल्याकडे देवाची भांडी चिंचेने घासतात कारण ती नुसती पितळ-तांब्याची असतात, वरचा काळा थर गेला की खाली परत तीच धातू. तुझ्याकडचं मढवणं ओतीव ब्राँझचं असावं आणि त्यावर सोन्याचा मुलामा. हा मुलामा फार पातळ असतो. सोनं चिंचेने विरघळत नाही, पण घासण्याने जातं, आणि आंबट-खारट पाणी बारीक छिद्रांतून आत शिरलं की खालचं तांबं हिरवं पडायला लागतं. तुला जो काळेपणा दिसतोय तो बहुतेक दीडशे वर्षांची धूळ, मेणबत्तीची काजळी आणि कुणीतरी कधीतरी लावलेलं मेण. मऊ कोरड्या ब्रशने झटक. तेवढंच. पुढचं काम जाणकाराचं.

आता शिक्का. १८५५ ला पॅरिसमध्ये मोठं औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, तिथं जापी बंधूंना पदक मिळालं. ते पदक त्यांनी पुढे वर्षानुवर्षं शिक्क्यात मिरवलं, जसं आपल्याकडे मिठाईवाले "सुवर्णपदक विजेते" पाटीवर लिहितात तसं. म्हणजे घड्याळ १८५५ चं नाही, १८५५ च्या नंतरचं. पत्र्याच्या मागच्या बाजूला एक मोठं चाक दिसतंय का, ज्याच्या कडेला कमी-जास्त अंतरावर खाचा आहेत? ते बघून सांग.

रोनकाठची_रेवा

आहे काका! खाचांचं चाक आहे, अगदी बाहेरच, खाचांमधलं अंतर वाढत वाढत जातं.

मोरू, फ्रान्समध्ये रुपये नसतात रे.

लंबकराव

झकास. ते टोल्यांचं चाक. दोन खाचांमधलं अंतर जितकं लांब तितके टोले. १८८० च्या आसपासपासून फ्रेंच यंत्रांत दुसरी पद्धत रुळत गेली. तेव्हा ढोबळ मानाने १८५५ ते १८८०-९० मधलं यंत्र धरायला हरकत नाही.

आणि ५ ४ हे चौपन्न रुपये नाहीत. ते जुन्या फ्रेंच मापात लंबकाची लांबी आहे: ५ पूस ४ लीन्य. पूस म्हणजे फ्रेंच इंच, २७.०७ मिलिमीटरचा, आणि त्याचे बारा भाग म्हणजे लीन्य. हिशोब केला तर १४४ मिलिमीटर येतात. मेट्रिक मापं फ्रेंचांनीच जगाला दिली पण घड्याळजी मंडळी जुन्याच मापाला चिकटून बसली, आपल्याकडे सोनार तोळा सोडत नाहीत तसंच. तर तुझा लंबक हरवला असला तरी केवढा हवा ते पत्र्यावर लिहून ठेवलंय.

मिष्किल_मोरू

१४४?? म्हणजे घड्याळासमोर पाच माणसं जमली तर कारवाई.

कोकणी_कोळंबी

हसून हसून पुरेवाट 😂 मोरू तू सुधारणार नाहीस.

संधीसाधू

सगळे भावनिक होताय. नवरा बरोबर बोलतोय. हे पंधराव्या लुईचं घड्याळ नाही, त्याची एकोणिसाव्या शतकातली नक्कल आहे. पंधरावा लुई गेला १७७४ ला, आणि यंत्र १८५५ नंतरचं. विक आणि मोकळी हो. मागे मी इथेच बजावलं होतं की जुन्या वस्तू म्हणजे फक्त धूळ खाणारी गुंतवणूक, तेव्हाही सगळे अंगावर आले होते.

टेम्सतीर

@संधीसाधू नक्कल हा शब्द जरा जड होतोय. तिसऱ्या नेपोलियनच्या काळात (१८५२ ते १८७०) फ्रान्समध्ये राजेशाही थाटाची लाट परत आली होती, सम्राज्ञी युजेनीला मारी आंत्वानेतचं वेडच होतं. तेव्हाच्या शेठ लोकांना जुन्या ढंगाच्या वस्तू नव्याने करून हव्या होत्या, आणि करणारे हातही तितकेच तरबेज होते. कुणाला फसवायला केलेल्या नव्हत्या. आपण आज पेशवाई थाटाची नथ करून घेतो तिला कोणी नकली म्हणतं का?

मी लंडनला आहे. वॅलेस कलेक्शन म्हणून म्युझियम आहे, मँचेस्टर स्क्वेअरला, प्रवेश फुकट. दर पावसाळी रविवारी (म्हणजे जवळपास दर रविवारी) मी मुलीला घेऊन तिथं जातो कारण आत ऊब असते. तिथं आंद्रे-शार्ल बूलच्या धाटणीची घड्याळं बघायला मिळतात, तो चौदाव्या लुईचा फर्निचरवाला. त्याचं काम लाकडाचं कमी आणि पितळ-कवचाचं जास्त. पितळेचा पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पत्रा एकावर एक चिकटवायचे, बारीक करवतीने दोन्ही एकदम कापायचे, आणि मग एकाची नक्षी दुसऱ्याच्या भोकात बसवायची. म्हणजे एका कापणीत दोन संच: कवचावर पितळेची वेल, आणि उरलेल्यातून पितळेवर कवचाची वेल. मुलगी म्हणाली, बाबा हे म्हणजे बिस्किटं कापल्यावर उरलेल्या जाळीचंही बिस्कीट. याहून चांगलं मी समजावू शकलो नसतो.

तिथल्या एका घड्याळासमोर आम्ही दहा मिनिटं उभे होतो. खाली म्हातारा काळ, दाढीवाला, हातात कोयता, आडवा पडलेला. वर छोटा मदन. प्रेमाने काळावर मात केली असा अर्थ. रेवा, तुझ्या घड्याळावरचं पंखवालं बाळ त्याच खानदानातलं. फक्त त्याच्या पायाखालचा म्हातारा गायब झालाय.

रोनकाठची_रेवा

अय्या, म्हणजे तो देवदूत नाही, मदन आहे! सासूबाईंनी त्याला परवा व्हिडिओवरून नमस्कार केला.

कासवाचं कवच माझ्याकडे नाही वाटत, सगळं लाकूडच दिसतंय.

अर्धवट_सुतार

आता माझा प्रांत.

जांभळट, काळ्या रेघांचं, म्हणजे ते बहुधा ज्याला फ्रेंच "बुआ द व्हिओलेत" म्हणतात ते. ब्राझीलहून यायचं. त्याचीच बहीण गुलाबीसर रेघांची, "बुआ द रोझ". दोन्ही डालबर्जिया कुळातली. आणि डालबर्जिया म्हणजे कोण? आपला शिसव! डालबर्जिया लॅटिफोलिया. तुझ्या आजीच्या घरातला शिसवी पलंग आणि तुझं फ्रेंच घड्याळ ही चुलत भावंडं आहेत म्हण.

फक्त फरक असा की आपण अख्खा शिसवी खांब घालतो आणि त्यांनी त्याचा पापुद्रा काढला. आतला सांगाडा साध्या ओकचा, त्यावर हा पापुद्रा सरसाने चिकटवलेला. सरस म्हणजे कातड्या-हाडांचा, गरम करून लावायचा, ज्याच्या वासाने आमची आई मला अंगणात हाकलायची. सरसाचा गुण असा की शंभर वर्षांनीही कोमट पाणी आणि ऊब दिली की सुटतो, परत बसवता येतो. म्हणून कुठं पापुद्रा उचकटला असेल तर कृपा करून आजकालचा पांढरा गोंद किंवा एपॉक्सी ओतू नकोस. तो सुटत नाही, पुढच्या माणसाला पापुद्रा फोडूनच काढावा लागतो.

पापुद्रे तिरके का? लागून कापलेले दोन पापुद्रे पुस्तकासारखे उघडले की रेघा आरशातल्यासारख्या जुळतात. तो बाण तिथून येतो. हे मी अडाण्यासारखं शिसवावर करून बघितलंय, चार वेळा फसलो, पाचव्यांदा एक ट्रे झाला. बायको त्यात कांदे ठेवते.

घाटावरची_घार

जाता जाता, ते पुण्याला आणता येईल का? आणि आणावं का, पावसाळ्यात लाकूड फुगतं ना?

टेम्सतीर

आणायचं तर कागदपत्रं बघावी लागतील. जवळपास अख्खं डालबर्जिया कुळ जानेवारी २०१७ पासून साइट्सच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे देशाबाहेर न्यायला परवानगी लागते. तेव्हा आपल्याकडच्या शिसवी हस्तकलेच्या निर्यातदारांचीही पंचाईत झाली होती. २०१९ च्या शेवटी सवलत आली, तयार वस्तूंमध्ये त्या कुळाचं लाकूड १० किलोपर्यंत असेल तर सूट. तुझ्या घड्याळात पापुद्रा आहे, तो कितीसा भरणार. पण फ्रेंच कस्टमला विचारल्याशिवाय उचलू नकोस, जुन्या वस्तूंचे त्यांचे वेगळे नियम असतात.

कवच असतं तर मात्र मोठी भानगड. तो हॉक्सबिल कासवाचा माल, त्याचा व्यापार साइट्सने केव्हाच बंद केलाय आणि भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याची पहिली अनुसूची आड येते. (वेळासला आपण ज्यांची पिल्लं समुद्रात जाताना बघतो ती ऑलिव्ह रिडले, ही वेगळी.)

घाटावरची_घार

धन्स. म्हणजे तिथंच राहू दे, आम्ही बघायला येतो. शिरा करून ठेव.

पाँडीवाला

चिंचेवरून माझी जखम उघडली, म्हणून लिहितोच.

नोकरीनिमित्त तीन वर्षं पाँडिचेरीत होतो. तिथं जुन्या फ्रेंच घरांतलं सामान विकणारी दुकानं असतात, तिथल्या एकातून मी टेबलावरचं एक सोनेरी घड्याळ घेतलं, वरती टोपलीवाली बाई. ब्राँझ आहे म्हणून सांगितलं होतं. दिवाळीला आई आली, मी ऑफिसात, आईने घरातली समई, पळी-पंचपात्र आणि ती टोपलीवाली बाई एकाच परातीत घेऊन चिंच-मिठाने घासली. संध्याकाळी घरी आलो तर समई झगझगीत आणि बाईचं नाक, कोपर आणि गुडघे राखाडी. आई म्हणाली, "अरे हिचा रंग जातोय, तुला फसवलंय."

आणि खरंच फसवलं होतं. राखाडी म्हणजे खाली ब्राँझ नव्हतंच, जस्ताचं ओतकाम होतं आणि वरून सोनेरी. आईला जे पाच मिनिटांत कळलं ते मला वर्षभर कळलं नव्हतं.

लंबकराव

@पाँडीवाला, आईंना दंडवत. पण परीक्षा सोप्या मार्गाने घेता येते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून स्वस्त घड्याळांची मढवणी जस्ताची येऊ लागली. वेलबुट्टीचा एखादा तुकडा मागच्या बाजूने बघायचा, जिथं मुलामा नाही तिथं हलकेच टोकाने ओरखडा काढायचा. पिवळं चमकलं तर ब्राँझ किंवा पितळ, पांढरट राखाडी निघालं तर जस्त. टिचकी मारली तरी कळतं. ब्राँझ वाजतं, जस्त नुसतं ठक करतं.

आणि मुलामा पाऱ्याचा की विजेचा, तेही मागूनच कळतं. पाऱ्याचा असेल तर पाठीमागे बहुतेक सोनं नसतं, फक्त कडेवरून ओघळ आलेले असतात, कारण सोनं महाग, न दिसणाऱ्या बाजूला कोण लावतो. विजेचा असेल तर तुकडा द्रावणात बुडवलेला असतो, म्हणून मागे-पुढे सारखाच पिवळा.

संशयात्मा

पारा?? घरात लहान मूल असेल तर असलं काही ठेवावं का?

लंबकराव

आता त्यात उरला तर अगदी थोडा पारा, तोही सोन्यात अडकलेला; बाकीचा भट्टीत उडून गेला तेव्हाच. फक्त ते तापवू-बिपवू नका. त्याची किंमत ज्यांनी मोजली ते केव्हाच गेले.

पद्धत अशी: सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा गोळा करायचा, तो ब्राँझवर ब्रशने माखायचा आणि कोळशावर तापवायचा. पारा वाफ होऊन उडतो, सोनं चिकटून राहतं. मग काही भाग दगडाने घोटून चकचकीत करायचा आणि काही मुद्दाम मंद ठेवायचा. रेवा, पानाची शीर चमकते आणि पानाचं अंग मखमली दिसतं ना? ते तेच. पण ती वाफ मुलामा देणाऱ्याच्या छातीत जायची. हात थरथरायला लागायचे, दात हलायचे, माणसं तरुणपणी जायची.

राव्रियो नावाचा पॅरिसचा नामांकित ब्राँझवाला होता, घड्याळांची मढवणी करून श्रीमंत झालेला. तो १८१४ ला गेला आणि मृत्युपत्रात ३,००० फ्रँक ठेवून गेला, कशासाठी तर मुलामा देणाऱ्यांना पाऱ्यापासून वाचवेल असा उपाय जो काढेल त्याच्यासाठी. आयुष्यभर ज्यांच्या हातून काम करून घेतलं त्यांचे थरथरते हात त्याने बघितले असणार. दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने वाफ वर ओढून नेणारी भट्टी काढली आणि १८१८ ला त्यावर पुस्तकही लिहिलं. पुढे १८४० नंतर विजेचा मुलामा आला आणि पारा हळूहळू मागे पडला.

नेपाळात पाटणला मूर्तींवर अजूनही पाऱ्यानेच सोनं चढवतात.

कोकणी_कोळंबी

काका, अंगावर काटा आला. मी घड्याळाकडे नुसतं "किती सोनेरी" म्हणून बघत होते.

टेम्सतीर

आणि हे सगळं एका माणसाचं काम नसायचं. पॅरिसमध्ये क्रांतीच्या आधी प्रत्येक कामाचा वेगळा संघ. लाकूडवाल्याने ब्राँझ ओतायचं नाही, ओतणाऱ्याने मुलामा द्यायचा नाही, यंत्रवाला निराळा, मिन्याची तबकडी करणारा निराळा. शार्ल क्रेसाँ म्हणून मोठा फर्निचरवाला होता, त्याने स्वतःच्या कारखान्यातच ब्राँझची कामं करायला घेतली तर त्या संघांनी त्याच्यावर खटले भरले. १७४५ ते १७४९ या चार वर्षांत तांब्याच्या मिश्रधातूंवर कर होता, त्याची खूण म्हणून मुकुटाखाली एक अक्षर ठोकायचे. तो छोटा मुकुट एखाद्या पानाच्या कडेला सापडला की लिलाववाल्यांच्या तोंडाला पाणी सुटतं.

मिष्किल_मोरू

थोडक्यात हौसिंग सोसायटी. प्लंबर भिंत फोडेल पण लिंपणार नाही, लिंपणारा रंग देणार नाही.

अवांतर: याच फ्रेंचांनी १७९३ ला दहा तासांचा दिवस काढला होता ना? तासाला शंभर मिनिटं?

टेम्सतीर

हो, तशी घड्याळंही केली होती. १७९५ च्या एप्रिलमध्ये गुंडाळलं. त्यातला एक तास म्हणजे आपली १४४ मिनिटं.

मिष्किल_मोरू

परत १४४!!! हा धागा पोलीस बंद करणार.

संधीसाधू

घड्याळ विकायचं की नाही या साध्या प्रश्नावर पाटण, ब्राझील आणि फ्रेंच राज्यक्रांती होऊन गेली. धन्य आहे.

रोनकाठची_रेवा

मंडळी, चार दिवसांनी येतेय, बरंच घडलंय.

आधी परीक्षा. खालच्या पानाचा स्क्रू काढून मागे बघितलं. पिवळं निघालं काका! आणि मागे सोनं नाही, कडेला दोन ओघळ आहेत, मेणबत्तीवरून मेण उतरतं तसे. मी त्या ओघळांकडे बराच वेळ बघत बसले. कोणाचा तरी ब्रश तिथं थोडा जास्त भरला होता.

मग रविवारी वृद्धाश्रमात मादामना भेटायला गेले, शिरा घेऊन. म्हटलं, लंबक हरवलाय, १४४ मिलिमीटरचा मिळतो का बघते, घड्याळ कधी बंद पडलं ते आठवतं का तुम्हाला? त्या म्हणाल्या, "बंद पडलं नाही. मी बंद केलं." आणि कपाटातून शिवणाचा डबा काढला, बिस्किटांचा असतो ना तसलाच पत्र्याचा, तिकडेही तस्साच, आणि रिळांच्या खालून फडक्यात गुंडाळलेला लंबक काढून माझ्या हातात दिला. सासूने दिलेलं घड्याळ, त्यामुळे भिंतीवरून काढायची सोय नव्हती. नवरा ढाराढूर झोपायचा आणि या जाग्या. "साडेबाराला एक, एकला एक, दीडला एक," असं त्या बोटावर मोजून दाखवत होत्या. एका रात्री उठल्या, लंबक काढला, डब्यात टाकला. नवऱ्याला सांगितलं की यंत्र बिघडलंय, दुरुस्तीला फार पैसे सांगतात. तो जाईपर्यंत खरं सांगितलं नाही.

कोळंबी, तुझ्या मामाला सांग.

कोकणी_कोळंबी

मी ऑफिसमध्ये मोठ्याने हसले आणि मॅनेजरने वळून बघितलं. मामाला आत्ता फोन लावते. कोकण काय आणि लिओं काय, टोला एकच!!

अर्धवट_सुतार

सासूचं घड्याळ आणि शिवणाचा डबा. वा.

रोनकाठची_रेवा

पण आता खरी अडचण. लंबक अडकवला, चावी दिली, हलवला. दोन मिनिटं चालतं आणि थांबतं. यंत्र गेलं का?

लंबकराव

आधी एक दटावणी. जुनं यंत्र न साफ करता फार दिवस चालवू नकोस, वाळलेल्या तेलात धूळ मिसळून लेपासारखी होते आणि सांधे झिजवते. घड्याळजीकडून एकदा साफ करून घे. पण दोन मिनिटांत थांबणं हे बहुतेक वेळा यंत्राचं दुखणं नसतं.

डोळे मिट आणि ऐक. टिक आणि टॉक यांच्यातलं अंतर सारखं आहे का? की टिक-टॉक... टिक-टॉक... असं लंगडतंय? लंगडत असेल तर घड्याळ तिरकं बसलंय. ब्रॅकेटवर एका बाजूला पुठ्ठ्याची घडी सरकव, थोडी थोडी, ऐकत ऐकत. लेव्हल लावू नकोस, भिंत सरळ असो नसो, कान सांगेल तेच खरं. दोन्ही ठोके एकसारखे आले की सोडून दे.

आणि ते बारीक तोंडाचं कोडं: तबकडीवर बाराच्या वर एक बारीक भोक असेल. त्यात ते तोंड घालून फिरवलं की लंबक टांगलेली पट्टी किंचित लांब-आखूड होते. ही ब्रोको नावाच्या पॅरिसच्या घड्याळजीची युक्ती. तुझ्या लंबकाची लांबी ०.२ मिलिमीटरने बदलली तर दिवसाला एक मिनिटाचा फरक पडतो, म्हणून अगदी जपून, एका वेळी पाव फेरी. फिरवलंस की दिवसभर वाट बघायची, मग परत.

संशयात्मा

बंद घड्याळ अशुभ असतं हे कोणी बोललंच नाही पुढे.

मिष्किल_मोरू

बंद घड्याळ दिवसातून दोनदा तरी बरोबर असतं, आमचा ऑफिसचा शिपाई एकदाही नसतो.

रोनकाठची_रेवा

चाललं!!! काका चाललं!!! वाण्याच्या बिलाच्या दोन घड्या डाव्या कोपऱ्याखाली घातल्या, रात्री अकराला सगळे झोपल्यावर स्वयंपाकघराचा फ्रिज बंद करून ऐकत बसले होते. लंगडं-लंगडं-लंगडं आणि मग एकदम सरळ. काल रात्रीपासून चालू आहे. दिवसाला चार मिनिटं पुढे जातंय, ते बारीक तोंड आता लावेन. घड्याळजीची वेळ पुढच्या महिन्याची मिळालीये, तोपर्यंत रोज थोडा वेळच चालवेन म्हणते.

टोले मात्र घोळ घालतायत. चारला सात पडले.

लंबकराव

त्या खाचांच्या चाकाचा हाच स्वभाव. त्याला काट्यांशी देणंघेणं नाही, ते आपलं क्रमाने एक, दोन, तीन करत जातं. मधे बंद राहिलं की चुकामूक. आतला छोटा दांडा उचलून एकेक टोला सोडत न्यायचं आणि काट्यांशी जुळवायचं. घड्याळजीकडून करून घे, हात घालू नकोस.

संधीसाधू

बरं, विकणार नाहीस हे कळलं. नवरा काय म्हणाला?

रोनकाठची_रेवा

नवरा रात्री दीडला उठून आला होता, किती वाजले विचारायला.

काका, एक विचारायचंय. टोल्यांच्या बाजूला चावी न देता नुसतं चालायच्या बाजूला दिली तर चालतं का?

लंबकराव

तुझं खाचांच्या चाकाचं आहे, चालतं. नुसती उजवीकडची चावी दे.

कोकणी_कोळंबी

आणि डावीकडची शिवणाच्या डब्यात टाक.